जुना डी९० ठेवायचा की खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा

देवगडजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, की भावाने दिलेला निकॉन डी९० आहे, सोबत १८-१०५ मिमीची झूम लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८, पण जड आहे म्हणून कपाटातच पडून असतो. ओळखीत एकजण सोनी आरएक्स१०० मार्क ३ वापरलेला देतोय. सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) मोठा आहे म्हणतात, खिशात मावतो, तर डी९० विकून तो घेऊ का? फोटो काढायचे ते घरच्यांचे, गावच्या जत्रेचे, दशावताराचे, बंदरावरचे, कधी पक्षी.

ताई, मी मालवणात बावीस वर्षं फोटोचं काम करतोय, रोलच्या शेवटच्या दिवसांपासून, आणि हे दोन्ही कॅमेरे माझ्या हातातून भरपूर गेलेत म्हणून सविस्तर लिहितो. आधी उत्तर सांगतो, डी९० विकू नका. छोटा घ्यायचा तर जरूर घ्या, पण फोटो जास्त चांगले येतील म्हणून नाही, रोज जवळ राहील म्हणून घ्या. आता का ते सांगतो.

पहिलं म्हणजे "मोठा सेन्सर" या शब्दाने फसू नका. आरएक्स१०० चा सेन्सर मोठा आहे तो साध्या डिजिकॅमच्या आणि मोबाइलच्या मानाने. त्याला १ इंची म्हणतात पण त्यात एक इंच कुठेच नाही, १३.२ बाय ८.८ मिमी एवढाच असतो तो, कर्ण धरला तरी १६ मिमीच्या आतच. डी९० चा २३.६ बाय १५.८. क्षेत्रफळ काढलंत तर डी९० चा सव्वातीन पट मोठा भरतो, म्हणजे तेवढा उजेड जास्त झेलणार. मग लोक इथेच थांबतात आणि म्हणतात संपलं, डीएसएलआरच (डी९० सारखा आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेराच) भारी. तसं नाहीये ते. समोर लेन्स कुठली आहे हे बघितल्याशिवाय सेन्सरच्या मापाला काही अर्थ नाही, आणि मला तुम्हाला खरं हेच सांगायचंय, कॅमेऱ्याशी कॅमेरा लावून बघू नका, लेन्ससकट बघा.

तुमची १८-१०५ रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/३.५ उघडते (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं). मार्क ३ ची लेन्स रुंद टोकाला एफ/१.८. म्हणजे छोट्याची लेन्स जवळजवळ पावणेचार पट उजेड आत सोडते आणि मोठ्याचा सेन्सर सव्वातीन पट मोठा, दोन्ही एकमेकांना फिटले की बरोबरी. झूम करत गेलात तरी तसंच, छोटा ७० मिमीच्या टोकाला (छोट्याचे मिमी जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या मापात सांगतात) एफ/२.८ वर थांबतो आणि तुमची झूम तेवढ्याच दृश्याला एफ/५ च्या आसपास गेलेली असते, परत बरोबरी. शिवाय डी९० आला २००८ साली आणि मार्क ३ आला २०१४ मध्ये, त्या सहा वर्षांत सेन्सर बरेच सुधारले, मार्क ३ मध्ये वायरिंग उजेडाच्या वाटेतून काढून मागे नेलेली आहे. त्यामुळे १८-१०५ लावलेला डी९० आणि आरएक्स१०० मार्क ३ यांच्यात संध्याकाळच्या उजेडात मी तरी छोट्यालाच थोडं झुकतं माप देईन. अकराशे ग्रॅमच्या आसपास ओझं एकीकडे, २९० ग्रॅम दुसरीकडे आणि फोटो तेच, मग तुमचा कॅमेरा कपाटात का पडून असतो ते समजतंच.

पण ती १८-१०५ काढा आणि ५० लावा, सगळं गणित उलटतं. ५० मिमी डी९० वर लावली की दृश्य ७५ मिमी सारखं दिसतं, म्हणजे छोट्याच्या लांब टोकाएवढंच, पण इथे एफ/१.८ आणि तिथे एफ/२.८, त्यावर सेन्सरचा फरक, सगळं मिळून डी९० ला साडेसात पटीपेक्षा जास्त उजेड मिळतो. हा फरक साधा नाही, आणि तो तुमच्या कपाटात आत्ता पडलेला आहे, त्यासाठी एक रुपया खर्च करायचा नाहीये.

गेल्या जत्रेच्या सीझनला मी मुद्दाम दोन्ही घेऊन दशावताराला गेलो होतो. नाटक सुरू व्हायला वेळ होता, देवळाच्या एका कोपऱ्यात मंडळी रंगायला बसलेली. तुम्ही बघितलं असेलच, प्रत्येक कलाकार आपलं तोंड आपणच रंगवतो, पत्र्याची पेटी उघडी, झाकणाला आतून आरसा, वर एकच बल्ब. स्त्री-पार्ट करणारा एकजण काजळ घालत होता, एक डोळा झालेला, दुसरा अजून कोरा, आणि करंगळी गालावर टेकवलेली हात हलू नये म्हणून. मला तो हात आणि तो डोळा हवा होता, बाकी काही नको. मी कॅमेरा वर घेतला तर आरशातूनच बोलला, "फ्लॅश मारू नको हां, काजळ घालतंय." नाहीच मारणार म्हटलं.

डी९० वर ५०, एफ/२, १/१०० सेकंद, आयएसओ १६०० (आयएसओ म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा, वाढवला की दाणे येतात). करंगळीचं नख, काजळाची ओली रेघ, पापणीला लागलेली पांढऱ्या रंगाची पावडर सगळं आलं आणि मागची पेटी, पिशव्या, भिंत अलगद विरघळून गेली. मग छोटा काढला, झूम लांब टोकाला नेला, त्याच १/१०० ला आयएसओ ३२०० लागला. मोबाइलच्या स्क्रीनवर बघितलात तर दोन्ही छान दिसतात, पण मोठं करून बघितलं की छोट्याच्या फोटोत पापण्यांचे केस एकमेकांत मिसळलेले आणि गालाच्या रंगावर दाणे आलेले, शिवाय मागची पिशवी नीट ओळखू येते ती येते. १/५० करून आयएसओ खाली आणता आला असता, छोट्यात स्टेबिलायझर आहे, पण स्टेबिलायझर माझा हात सांभाळतो, त्याचा नाही, काजळ घालणारा हात हललाच असता.

आणि त्याच देवळात थोड्या वेळाने उलटं झालं. सगळे तयार होऊन गणपतीच्या पुढ्यात उभे राहिले, पायपेटी नि पखवाज लागायला सुरुवात, जागा इतकी कमी की मी खांबाला पाठ लावून उभा. ५० ने दोन माणसांच्या पलीकडे काही मावेना, लेन्स बदलायला हात मोकळा नाही. छोटा खिशातून काढला, २४ मिमी, एफ/१.८, आयएसओ ८००, अख्खी रांग समईसकट आली. १८-१०५ असती तर ३२०० ला गेलो असतो. आणि आवाज! डी९० चा आरसा वर जातो तो खटाक आवाज देवळात फार मोठा वाटतो, गाऱ्हाणं चालू असताना तर मला स्वतःलाच नको होतं. छोट्याचा आवाज शेजारच्याला पण येत नाही.

हां, एक गोष्ट लक्षात ठेवा, हल्ली जत्रेत सगळीकडे एलईडीच्या माळा आणि फोकस असतात, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलंत की त्रास नाही. त्यापेक्षा फास्ट गेलात की डी९० वर फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात आणि छोट्यावर पट्टे नाही आले तरी एक फोटो उजळ एक काळा असं होतं, कारण दोघांच्या शटरची जात वेगळी. कॅमेरा बिघडला समजून लोक दुरुस्तीला नेतात, बिघडलेला नसतो.

आता बंदर. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना, होड्या लागताना, लिलावाला, तिथे गोष्टी पटापट घडतात. डी९० ला फोकसचे ११ पॉइंट आहेत आणि त्यातला मधलाच काय तो भक्कम, पण तो मधला पॉइंट घेऊन धावणाऱ्या पोरावर किंवा उडणाऱ्या कुरव पक्ष्यावर धरलात तर आजही लागतो. मार्क ३ एका जागी असलेल्या गोष्टीवर झटकन लागतो पण अंगावर येणाऱ्यावर गोंधळतो, पुढे-मागे करत बसतो, हा दोष २०१६ च्या मार्क ५ मध्ये बराच गेला पण तो महाग पडतो. पक्षी म्हणाल तर विषयच नाही, ७० मिमीला समुद्रगरुड म्हणजे आकाशात एक ठिपका. डी९० ला पुढेमागे वापरलेली ७०-३०० लावलीत तर ४५० मिमीचं काम होतं, आणि डी९० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे म्हणून जुन्या मोटर नसलेल्या निकॉन लेन्ससुद्धा त्यावर ऑटोफोकस करतात, त्या स्वस्त मिळतात. निकॉनच्या त्या काळच्या सगळ्यात खालच्या बॉड्यांना ही सोय नव्हती.

पण बंदरावर माणसं कशी वागतात ते पण बघा. डी९० गळ्यात असला की लगेच "खंयच्या पेपरातले?" म्हणून विचारतात, बायका पदर सारखा करतात, कोणी टोपली खाली ठेवून सरळ उभं राहतं. त्यांची चूक नाही, मोठा कॅमेरा म्हणजे पाहुणा. छोट्याला ते मोबाइलसारखंच धरतात, दोन मिनिटांनी विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात. माझे बंदरावरचे जे फोटो मला स्वतःला आवडतात त्यातले निम्म्याहून जास्त छोट्याचे आहेत, विचारून, ओळख करून काढलेले, पण छोट्याचेच. दुपारच्या उन्हात त्याच्या मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा तो वरचा बारका, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर बाहेर काढायचा, फक्त तो परत आत दाबलात की कॅमेराच बंद होतो, सवय होईपर्यंत वैताग येतो.

व्हिडिओ हवा असेल तर बोलायचं कामच नाही, छोटा घ्या. डी९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर होता हे खरं, पण ७२० मध्ये (एचडीचा खालचा दर्जा), एका वेळी पाच मिनिटं, आणि चालू असताना फोकस होत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक काम आहे ज्यात छोटा अडतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) कातळशिल्पं काढायला मुलांना नेलंत तर कळेल, भर दुपारी गेलात की जांभ्यावर काहीच उठून दिसत नाही, सगळं सपाट. ऊन तिरकं हवं, सकाळी लवकर नाहीतर सूर्य बुडायच्या आधीचा अर्धा तास. आणि मळभ असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून कातळावर बाजूला, अगदी जमिनीलगत ठेवायचा, की कोरलेल्या रेषांत सावली पडते आणि आकृती उभी राहते. डी९० चा स्वतःचा छोटा फ्लॅश निकॉनच्या बाहेरच्या फ्लॅशला वायरशिवाय उडवतो, ही सोय बऱ्याच जणांना त्यांच्या कॅमेऱ्यात आहे हेच माहीत नसतं. मार्क ३ ला बाहेरचा फ्लॅश लावायला वर जागाच दिलेली नाही. (शिल्पावर पाय देऊ नका नि देऊ देऊ नका, बाजूने फिरा.)

तसंच वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेलात तर फ्लॅश नाहीच, पण फोकस करताना कॅमेऱ्याच्या पुढे जो दिवा लागतो तो सुद्धा मेनूत जाऊन बंद करा, दोन्ही कॅमेऱ्यांना तो आहे आणि आपोआप लागतो. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, समुद्राकडे जायची ती तुमच्याकडे वळतील.

मेगापिक्सेलचं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. डी९० चे १२, छोट्याचे २०. डी९० चा फोटो १२ बाय १८ इंचाला छापलात तरी इंचाला २३८ पिक्सेल मिळतात, भिंतीवर लावून दोन हातांवरून बघणाऱ्याला काही कळत नाही. माझ्या दुकानात दोन्हीचे प्रिंट शेजारी लावलेत, आजवर कोणी ओळखलं नाही. छोट्यावर एकच जपायचं, एफ/५.६ च्या पुढे जाऊ नका. डीएसएलआरच्या सवयीने लोक किल्ल्याचा फोटो घ्यायला एफ/११ करतात, एवढ्या लहान सेन्सरवर एफ/११ ला सगळा फोटो मऊ पडतो. एफ/४ ला सिंधुदुर्गाचा तट आणि पुढची होडी दोन्ही शार्प मिळतात.

आता जे आपल्याकडच्या माणसाने आधी विचारायला हवं आणि कोणी विचारत नाही ते, आपली हवा. पुण्यातल्या माणसाला कॅमेरा निवडताना सेन्सर बघून चालतं, आपल्याला खारा वारा, वाळू आणि चार महिने भिंतीला ओल. या दोन्हीपैकी एकही कॅमेरा पाण्याला सील केलेला नाही, पण दोघं मरतात वेगवेगळ्या तऱ्हेने.

छोट्याचा शत्रू वाळू. चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि जाताना बाहेर चिकटलेलं सगळं आत ओढून नेते. माझा असाच एक खिशातला कॅमेरा देवबागच्या किनाऱ्यावर कामातून गेला, पडला नाही, भिजला नाही, फक्त शर्टाच्या खिशात होता आणि त्या खिशात वाळू होती. दुसऱ्या दिवशी चालू केला तर करकर करून नळी अर्ध्यात अडकली, स्क्रीनवर सांगतोय बंद करून परत चालू करा, करतोय करतोय, नाहीच. दुरुस्तीवाल्याने लेन्सचा अख्खा भाग बदलायला सांगितला, खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्मा. तेव्हापासून पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) छोटा कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत आणि पिशवी मग खिशात. डी९० ची लेन्स अडकली तर लेन्स बदला, बॉडी चालूच राहते, एवढा फरक. उलट डी९० वर किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, सेन्सरवर कण बसतात, बदलायचीच तर गाडीत किंवा पडवीत, बॉडीचं तोंड खाली धरून.

डी९० चा शत्रू बुरशी. कपाटातला कॅमेरा म्हणालात तिथेच मला धास्ती वाटली. ताई, आज संध्याकाळी ५० मिमी बाहेर काढा, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं राहील असं करा, ती लेन्सच्या मागची बारीक दांडी नखाने सरकवली की पाकळ्या उघडतात, आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी लागलीय. कडेला थोडी असेल तर फोटोत दिसत नाही, पण वेळीच साफ करून घ्या, ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ केली तरी डाग राहतो. कापडी किंवा चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कधीच ठेवू नका, आपल्याकडे ते बुरशीचं घर. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, पीठ ठेवायचा असतो तसला, त्यात सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ, ४० ते ५० टक्के दाखवत राहिलं पाहिजे. जेलचा रंग बदलला की लोखंडी कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत परतायचं (ती कढई मग स्वयंपाकाला नाही). तांदळात ठेवतात काही लोक, नका ठेवू, पीठ आत जातं. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे वापर. मिरगापासून गणपतीपर्यंत दर आठवड्याला तासभर तरी कॅमेरा बाहेर काढा, उघडीप मिळाली तर लेन्सना ऊन दाखवा. माझ्याकडे बुरशीच्या ज्या लेन्स येतात त्या सगळ्या जपून ठेवलेल्या असतात, वापरातली जवळजवळ येत नाही.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका, काचेवर धुकं धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं फडकं फिरवलंत तर मीठ घासलं जातं.

तर पैशाचा हिशेब असा बघा. डी९० विकून तुम्हाला आता जे मिळेल ते फार किरकोळ, आणि त्याच्याबरोबर ती ५० जाईल, जी परत हवी झाली की जास्त पैसे मोजून घ्यावी लागेल. म्हणून आधी डबा आणि जेल आणा, १८-१०५ बाजूला ठेवून दोन महिने डी९० वर फक्त ५० लावून वापरा. वजन पण कमी होतं, आणि शक्यता आहे की तुम्हाला दुसरा कॅमेरा नकोच वाटेल. घरात ५० अडचणीची वाटली, मागे सरकायला जागा मिळेना, तर वापरलेली ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (डी९० च्या मापाच्या सेन्सरसाठीची) बघा, माजघरात बसलेल्या माणसांचे फोटो काढायला डी९० वर तिच्यासारखी लेन्स नाही. आणि दोन महिन्यांनी पण कॅमेरा घरीच राहतोय असं दिसलं तर मग बिनधास्त मार्क ३ घ्या, तुमच्यासाठी तोच बरोबर. रिकोह जीआर पण लोक सुचवतील, त्याचा सेन्सर खरंच डी९० एवढा आहे आणि तरी खिशात मावतो, पण त्याला झूम नाही, एकच २८ मिमी, तो पहिला कॅमेरा म्हणून मी कोणाला देत नाही.

ओळखीतला मार्क ३ घ्यायच्या आधी एवढं करा. शांत खोलीत कानाजवळ धरून दहा वेळा चालू-बंद करा, नळीचा आवाज एकसारखा सुर्र यायला हवा, मध्ये कुठे करकरला किंवा अडखळला तर उठून या, कितीही स्वस्त असला तरी. नळी बाहेर असताना बोटाने अगदी हलकं हलवून बघा, थोडी हलतेच, पण तिरकी बसलेली नको. मग झूम दोन्ही टोकांना नेऊन स्वच्छ आकाशाचा एफ/११ ला फोटो घ्या, काळे ठिपके दिसले तर ती धूळ आत सेन्सरवर गेलेली आहे, डी९० सारखी लेन्स काढून फुंकता येत नाही, कॅमेरा सगळा उघडावा लागतो. व्ह्यूफाइंडर चार-पाच वेळा वर-खाली करा, स्क्रीन पूर्ण वर वळवून बघा चित्र जातंय का, चार्जिंगचं तोंड हिरवट पडलंय का बघा, किनाऱ्यावरच्या वस्तूला ते हमखास होतं. आणि ते आकाशाचे दोन फोटो मला पाठवा, पैसे द्यायच्या आधी, बघून सांगतो.